बिऱ्हाडाचे पाय

दिवाळी अंकात प्रवासवर्णन लिहायचे म्हणजे लेखकाने निदान काश्मीरपर्यंत तरी जाऊन आलेले असावे, असा आपल्याकडे संकेत आहे. त्यापलीकडचे भाग्यवान व्हेनिसच्या होड्यांतून फिरून येतात. मी मात्र वाचकांना भिवंडीला नेणार आहे. भिवंडी हे नाव वाचून ज्यांनी पान उलटायला बोट उचलले असेल, त्यांना एवढेच सांगतो की, गेली पंधरा वर्षे मीही नेमके तेच करीत होतो.

पंधरा वर्षे मी भिवंडीच्या एका कॉलेजात मराठी शिकवतो. राहतो ठाण्याला. सकाळी बस पकडायची, कशेळीच्या पुलावर खाडीचा वारा खायचा, पुढे ट्रकांच्या रांगेत उकडून घ्यायचे, वर्गात अलंकार आणि वृत्ते शिकवायची आणि दुपारी त्याच रांगेतून परत यायचे. पुण्याचे स्नेही विचारतात, "तुमच्या भिवंडीत पाहण्यासारखं काय हो?" त्यावर माझे ठराविक उत्तर असे : वज्रेश्वरी. चिमाजी आप्पांनी वसईच्या मोहिमेत नवस केला आणि १७३९ साली वसई सर झाल्यावर तो फेडण्यासाठी देवीचे देऊळ बांधले गेले, हे सांगितले की पाहुणा गप्प बसतो. परंतु वज्रेश्वरी भिवंडी तालुक्यात असली तरी भिवंडी गावात नाही. म्हणजे ज्या गावाने मला पंधरा वर्षे पगार दिला, त्या गावात पाहण्यासारखे काही नाही, हेच मी जरा सभ्य भाषेत सांगत होतो.

ही माझी चूक दोन टायरांनी दुरुस्त केली. ती हकीकत अशी.

माझे थोरले बंधू, आम्ही त्यांना दादा म्हणत असू, कल्याणला राहायचे. नोकरी कारखान्यात, पण जीव पाना आणि वेल्डिंगच्या मशीनमध्ये. निवृत्तीला आल्यावर लोक ज्ञानेश्वरी काढतात. दादाने ट्रेलर काढला. मोटारीच्या मागे जोडायचा, दोन चाकांचा, एका मोठ्या पेटीएवढा. खाली लोखंडी सांगाडा, वर प्लायवूड आणि त्यावर पत्रा. मागचे झाकण वर उचलले की आत स्टोव्ह, मसाल्याचा डबा आणि पाट्यापुरती जागा असलेला ओटा. टपावर गुंडाळलेला तंबू. तो उलगडला की चार माणसे सुखाने आणि सहा माणसे प्रेमाने झोपू शकत. रीतसर नोंदणी करून दादाने त्याला नंबराची पाटी मिळवली आणि घरच्यांनी त्याला नाव दिले 'बिऱ्हाड'. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर असते. आमचे बोलेरोच्या पाठीवर असे.

या बिऱ्हाडाच्या दोनच सफरी झाल्या. एक हरिहरेश्वरची, दुसरी भंडारदऱ्याची. त्यासाठी २०१९ साली दादाने दोन्ही चाकांना टायर घेतले. मग करोना आला. २०२१ साली महाराष्ट्र सरकारने कॅरव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले, तेव्हा दादा वर्तमानपत्र नाचवीत म्हणाला होता, "बघ, सरकारलासुद्धा माझी कल्पना पटली!" त्यानंतर महिन्याभरातच तो गेला. बिऱ्हाड अंगणात, आंब्याखाली, निळ्या ताडपत्रीत उभे राहिले. वहिनी रोज सकाळी तुळशीला पाणी घालून येताना त्या ताडपत्रीवरची पाने झटकीत. त्याविषयी कोणी काही बोलत नसे.

२०२४च्या दिवाळीच्या आधी पुतण्या पुण्याहून आला आणि म्हणाला, "काका, या सुट्टीत बिऱ्हाड बाहेर काढू या. आईला भंडारदऱ्याला घेऊन जाऊ. पण आधी टायर बदलायचे." त्याने खिशातला मोबाइल काढून मला चित्रे दाखवली. काळेकभिन्न, मुठीएवढ्या गट्टूंचे, चिखलात चालणारे टायर. रणगाड्याला शोभतील असे. "रस्ता नसेल तिथेही जाता येईल," तो म्हणाला. मी मनात म्हटले, रस्ता असेल तिथे जाता आले तरी पुष्कळ झाले.

वहिनी आतून आल्या. "टायर का बदलायचे? त्यांनी स्वतः जाऊन आणलेत. दोन सफरी झाल्यात फक्त. नक्षीसुद्धा झिजलेली नाही. भाऊजी, तुम्हीच बघा."

मी वाकून पाहिले. खरोखरच नक्षी जशीच्या तशी होती. बोट घातले तर नख बुडेल एवढ्या खोल खाचा. कायद्याने मोटारीच्या टायरची खाच किमान १.६ मिलिमीटर हवी. इथे त्याच्या चौपट तरी होती. गोटा झालेला टायर मलाही ओळखता येतो. हा गोटा नव्हता. मी निकाल वहिनींच्या बाजूने दिला. पुतण्याचे म्हणणे ऐकण्यापेक्षा वहिनींचे डोळे चुकवणे मला जड गेले असते, हे खरे कारण. शेवटी तडजोड झाली. पुतण्याला बिऱ्हाडाचे भरल्या अंगाचे वजन करायचे होते. तेव्हा प्रवासाचे सगळे सामान भरून भिवंडीला जायचे, काट्यावर वजन करायचे आणि तिथल्याच एखाद्या जाणत्या माणसाला टायर दाखवायचे. तो म्हणेल तसे. टायरांचे गाव भिवंडीइतके जवळ दुसरे नव्हते.

एका रविवारी आम्ही निघालो. पुतण्या चालवायला, वहिनी पुढे, मी आणि माझी सौभाग्यवती मागे. आणि त्याच्या मागे बिऱ्हाड. ट्रेलरमध्ये माणसे बसवायची नसतात. त्यात बसल्या होत्या फक्त गाद्या, भांडी आणि पाण्याचे दोन कॅन.

कल्याणहून भिवंडीला जाताना दुर्गाडीच्या पायथ्याशी खाडी ओलांडावी लागते. १६५७ साली शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि याच खाडीच्या काठी जहाजे बांधायला आरंभ केला, हे मी दरवर्षी मुलांना सांगतो. सांगताना भिवंडी हे बंदर होते हे मी सांगत असे. पण समजत नसे. त्या दिवशी कोनगाव मागे पडल्यावर ते समजले. राजनोली नाक्यापासून दोन्ही बाजूंना गोदामे लागली. मैलच्या मैल पत्र्याची छपरे. मानकोली, पूर्णा, काल्हेर, ज्या खेड्यांत एके काळी भाताची खाचरे होती तिथे आता कापड, औषधे, टीव्ही, बिस्किटे आणि बायकांच्या चपलाही येऊन मुक्काम करतात आणि इथून घरोघर जातात. मुंबईची जकात हे याचे एक जुने कारण. माल मुंबईच्या हद्दीबाहेर उतरवून ठेवायचा आणि लागेल तसा आत न्यायचा, हा व्यापाऱ्यांचा हिशेब. २०१७ साली जीएसटी आला आणि जकात गेली. पण गोदामे गेली नाहीत. उलट वाढली. बंदर तेच, फक्त गलबतांच्या जागी ट्रक आले आणि ट्रकांना शीड नसते, टायर असतात.

नाक्याच्या पुढे एक खड्डा होता. भिवंडीच्या वाटेवर खड्डा होता असे सांगणे म्हणजे समुद्रात पाणी होते असे सांगण्यासारखेच. तरी हा सांगितला पाहिजे. बोलेरो त्याला चुकवून गेली. बिऱ्हाडाचे डावे चाक गेले नाही. मागून एक दणका ऐकू आला. मी मागच्या काचेतून पाहिले. बिऱ्हाड डुलत डुलत येतच होते. "काही नाही झालं," मी म्हणालो. पुढे बसलेल्या वहिनी म्हणाल्या, "दादांनी घेतलेली वस्तू आहे."

वजनकाटा म्हणजे जमिनीत बसवलेला लांबच लांब लोखंडी पाट. त्यावर एरवी दहा-बारा चाकांचे ट्रक उभे राहतात. आमचे बिऱ्हाड बोलेरोपासून सोडवून त्यावर एकटे उभे केले, तेव्हा ताटात एकच शेवेचा लाडू ठेवावा तसे दिसले. काट्यावरचा मुलगा हसला. पण त्याने पावती नीट दिली. भरलेले वजन ५९० किलो. दादा चारशे सांगत असे. चारशे असेल त्याचे स्वतःचे. त्यात आमच्या गाद्या, पाणी, तांब्याचा बंब आणि 'असू दे हो, लागेल' म्हणून सौभाग्यवतीने कोंबलेल्या बरण्या धरलेल्या नव्हत्या. संसाराचे वजन नेहमी आपल्या अंदाजापेक्षा दीडपट भरते, हे शास्त्र मी त्या दिवशी शिकलो. ट्रेलरच्या आडव्या दांड्यावर म्हणजे जोडावर त्याचा साधारण दहावा हिस्सा यावा. अगदीच कमी आला तर ट्रेलर मागे शेपटासारखा हलू लागतो. तो हिस्सा वजा जाता प्रत्येक चाकाच्या वाट्याला दोनशे पासष्ट किलोच्या आसपास येत होते.

टायरचे दुकान जुन्या आग्रा रोडच्या कडेला होते. दुकान म्हणजे पुढे पत्र्याची पडवी, आत टायरांच्या उतरंडी आणि मागच्या गल्लीतून येणारी मागांची खटखट. दुकानाचे मालक सत्तरीच्या घरातले, पांढरी दाढी, डोक्याला जाळीची टोपी. इथल्या कोकणी मुसलमानांच्या घरात बोलतात तसे गोड मराठी बोलणारे. मी पुढे होताच म्हणाले, "या सर. माझी नात तुमच्याच वर्गात होती. तुम्ही तिला मराठीत पास केलं, म्हणून तुमच्याकडून चहाचे पैसे घेणार नाही." ज्या गावात मी कोणाला ओळखत नव्हतो, त्या गावाने मला बरेच दिवस ओळखले होते असे दिसले. मी त्यांना चाचा म्हणू लागलो.

चाचांनी वजनाची पावती वाचली, डोके हलवले आणि चाकांकडे वळले. डाव्या चाकापाशी ते उकिडवे बसले. टायरच्या कुशीवरून त्यांनी तळहात फिरवला, आणि एका जागी थांबून माझा हात तिथे नेऊन ठेवला. लिंबाएवढे टेंगूळ आले होते. "हे आत्ताचं आहे," ते म्हणाले. "वाटेत कुठे आपटलं?"

मला तो दणका आठवला. "पण टेंगूळ कसं? हवा तर आहे."

"सर, टायर म्हणजे रबर नव्हे. टायर म्हणजे कापड."

हे वाक्य त्यांनी मागांच्या खटखटीत म्हटले म्हणून असेल, माझ्या कायमचे लक्षात राहिले. त्यांनी एक फाटका टायर ओढून आणला आणि आतला थर दाखवला. रबरात बुडवलेले दोरे, एकाला एक लागून. या कापडात उभा दोरा म्हणजे ताणा हाच सगळा जोर. आडवा बाणा नुसता नावाला, ताणा जागच्या जागी राहावा एवढ्यापुरता. आधी हे दोरे सुताचे असत, मग रेयॉन आले, नायलॉन आले, आता पॉलिएस्टर आणि नक्षीच्या खाली पोलादाची तारही असते. टायरवर '८ पीआर' असे छापतात त्याचा उगमही इथलाच. सुताच्या काळात किती थर घातले ते मोजीत; आज थर तितके नसतात, पण ताकद तितक्या थरांची, एवढा अर्थ उरला आहे. हवा भार उचलते आणि हे कापड हवेला धरून ठेवते. रबर फक्त दोघांना झाकते. खड्ड्याच्या धारेत आणि रिमच्या धारेत हे कापड चिमटले की दोरे तुटतात आणि हवा तिथले रबर बाहेर ढकलते. तेच टेंगूळ.

अठराशे सत्तावन्ननंतर उत्तरेतून विणकर मोमीन इथे आले आणि त्यांच्या मागांवर हे गाव उभे राहिले, हे मला पुस्तकातून माहीत होते. माझ्या वर्गातली अर्धी मुले बारा-बारा तासांच्या पाळ्या करणाऱ्या घरांतून येतात, डोळ्यांत झोप आणि कधी केसांत कापसाची तूस घेऊन. ताणाबाणा हा शब्द मी त्यांना आजवर 'लाक्षणिक अर्थाने' शिकवीत आलो होतो. ती मुले वर्गात का हसत, ते मला त्या पडवीत कळले.

"पण चाचा," वहिनी पुढे झाल्या, "नवा टायर एका खड्ड्यानं असा कसा जाईल? आमच्यांनी घेऊन पाच वर्षं झालीत. त्यातली तीन तर उभाच आहे."

चाचांनी त्यांना लगेच उत्तर दिले नाही. त्यांनी अंगठ्याने टायरची कूस दाबून वाकवली. रबरावर केसांसारख्या बारीक भेगा उघडल्या, कोरड्या पडलेल्या तळ्यासारख्या. मग त्यांनी एक गोणपाट अंथरले आणि चाललेच ट्रेलरखाली. आतल्या बाजूला विजेरी मारून म्हणाले, "सर, तुमची नजर चांगली. वाचा."

मी, मराठीचा प्राध्यापक, रविवारची इस्त्री मोडून त्या गोणपाटावर पालथा झालो आणि एक लंबवर्तुळात कोरलेला आकडा वाचला. ३७१४.

"सदतिसावा आठवडा, सन २०१४," चाचा म्हणाले. "हा टायर त्या दिवशी जन्मला. तुमच्या घरी आला तेव्हाच पाच वर्षांचा होता. कुठल्या तरी दुकानात पडून होता. हा आकडा कित्येकदा एकाच बाजूला असतो आणि बसवणाऱ्यानं ती बाजू आत टाकली की दिसत नाही. तुमच्या मालकांची चूक नाही, ताई. आत झोपून कोण बघतो?"

मोटारीचा टायर झिजून मरतो. ट्रेलरचा टायर म्हाताऱ्या माणसासारखा बसून मरतो, हे त्यांनी मग समजावून सांगितले. हवेतला प्राणवायू आणि ओझोन रबर खात असतात. त्याला अडवायला रबरात मेणासारखी द्रव्ये घातलेली असतात. पण ती पृष्ठावर येतात टायर फिरत, वाकत राहिला तरच. एका जागी, एकाच ठिकाणी दबून, उन्हात उभा राहिलेला टायर आतून वाळतो. आणि नक्षी नवी दिसते म्हणून आपण फसतो. उभाच ठेवायचा तर सांगाड्याखाली लाकडी ठोकळे देऊन चाकांवरचा भार काढावा आणि टायर झाकून ठेवावेत. वहिनींनी तीन वर्षे ताडपत्री झटकली होती. पण ती चाकांपर्यंत पोचत नव्हती. त्यांच्या चेहऱ्यावर ते दिसले, आणि मला वाटले, चाचांनी हे आता सांगितले नसते तर बरे झाले असते.

पुतण्याने संधी साधली आणि मोबाइलमधले रणगाडे पुढे केले. चाचांनी ते आदराने पाहिले. मग रस्त्यावरून जाणाऱ्या एका ट्रककडे बोट दाखवले. "त्याच्या पुढच्या चाकांची नक्षी बघ. सरळ रेघा. मागच्या चाकांची बघ. आडवे गट्टू. का? मागची चाकं ढकलतात. त्यांना जमिनीत नखं रोवावी लागतात. पुढच्यांना फक्त दिशा धरायची असते. आता सांग, तुझ्या ट्रेलरची चाकं काय ढकलतात?"

पुतण्या इंजिनिअर आहे. तो गप्प झाला.

"काहीच नाही. ती नुसती मागून येतात. चिखलात रुतायचं की नाही ते तुझी बोलेरो ठरवणार. ट्रेलरला पाहिजे तीन गोष्टी : भार पेलणारी कूस, वळणावर घसरणार नाही अशी नक्षी आणि रात्री दोन वाजता शहापुरात फुटला तर तिथे मिळेल असं माप. हे गट्टू डांबरावर भुंग्यासारखे गुणगुणतील, वजनानं जड, आणि या बाराच्या रिमला शोधत बसशील."

आणि मग त्यांनी उतरंडीतून जो टायर काढला, तो पाहून आम्ही सगळेच हसलो. भिवंडीत पावलोपावली दिसणाऱ्या 'छोट्या हत्ती'चा टायर! २००५ साली टाटांनी ही इवलीशी मालमोटार आणली आणि लोकांनी तिचे बारसे आपल्या मनाने केले. १४५ आर १२, ८ पीआर. दादाच्या टायरवर भाराचा अंक ६९ होता, म्हणजे एका चाकाला सव्वातीनशे किलो. कागदावर आमचे दोनशे पासष्ट त्यात बसत होते. "आकड्यात बसतात," चाचा म्हणाले, "खड्ड्यात बसत नाहीत. उडी मारून खाली येताना तेच वजन दुप्पट होतं." हा टायर मालाचा, त्याची कूस जाड आणि भार पेलायची ताकद पाचशेच्या आसपास. उंचीही जेमतेम पाऊण इंच जास्त. तेवढेच पोट दगडापासून वर. सारखा आठवडा आणि सारखे साल असलेली, त्याच वर्षीची जोडी त्यांनी निवडली आणि आयएसआयची खूण आम्हाला दाखवली.

मी शंका काढली, "चाचा, टायर मालगाडीचा, त्यात हवा जास्त. जुनी रिम ती सोसेल?"

चाचांनी जुने चाक सोडवले, टायर उतरवला आणि रिम कपड्याने पुसून उजेडात धरली. बराच वेळ ती फिरवून पाहिली. मग वहिनींकडे पाहून म्हणाले, "ताई, ही रिम छोट्या हत्तीचीच आहे. तुमच्या मालकांनी बसवतानाच मालगाडीची बसवली. टायर तेवढे मोटारीचे घातले, मिळाले असतील तसे. मला वाटतं, हे टायर त्यांनी चालवण्यापुरते घातले होते. पुढे हेच घालायचे असणार. नाही तर ही रिम कोणी उगाच घेत नाही."

वहिनी काही बोलल्या नाहीत. त्यांनी रिमवरून पदराने एक डाग पुसला, तो पुसण्यासारखा नव्हता तरी. पंखा घरघरत होता. मागच्या गल्लीतली खटखट चालू होती. थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "जुन्यांचं काय करता?"

"कापतो," चाचा म्हणाले. "नाही तर कोणी काळं पॉलिश मारून पुन्हा नवा म्हणून विकतो. नक्षी चांगली आहे ना, हमखास विकला जाईल. पण तुम्हाला आठवण म्हणून हवा असेल तर घेऊन जा. झाडाला झोपाळा करतात."

मला वाटले, त्या नेणार. अंगणातला आंबा आणि झोपाळा माझ्या डोळ्यांसमोर उभाही राहिला. वहिनी त्या टायरकडे पाहत होत्या. मग म्हणाल्या, "कापा. आणखी कोणाच्या घरी जायला नको."

चाचांच्या मुलाने करवत आणली. वहिनी तिथेच उभ्या राहिल्या, दोन्ही टायर कापून होईपर्यंत. मी आणि पुतण्या मात्र चहा संपलेला असूनही कपात पाहत होतो.

बाकी कामे भराभर झाली. व्हॉल्व्ह नवे बसले. नट समोरासमोरचे आवळले, गोल फिरून नव्हे. "पन्नास किलोमीटरवर पुन्हा एकदा पाना लावा. नवीन बसलेलं चाक जागा शोधतं." हवा चाळिसाच्या आसपास. टायरवर कोरलेला आकडा हा जास्तीत जास्त भाराचा. अर्ध्या भाराला तेवढी भरली तर बिऱ्हाड चेंडूसारखे उड्या मारील. पण कमी तर मुळीच नको. कमी हवेत कूस सतत वाकते, वाकून तापते आणि तापून फुटते. आणि ट्रेलरचे फुटलेले चाक पुढच्या ड्रायव्हरला बऱ्याच उशिरा कळते. "थंड असताना मोजा. आणि थांबाल तिथे टायरला हात लावा. हाताला सोसवत नसेल तर समजा काही तरी चुकलं."

तिसऱ्या टायरची, म्हणजे स्टेपनीची, घासाघीस चालू असताना मला राहवले नाही. मी चाचांना सांगितले की, वेल्समधल्या लॅनेली गावात स्टेपनी नावाच्या रस्त्यावर १९०४ साली दोघा भावांनी जादा चाक विकायला काढले. त्या रस्त्याचे नाव साऱ्या हिंदुस्थानच्या तोंडी बसले. पंधरा वर्षांच्या अध्यापनात माझ्या व्युत्पत्तीला इतका रस घेणारा श्रोता मिळाला नव्हता. चाचा म्हणाले, "दोघे भाऊ का?" आणि बिऱ्हाडाकडे पाहून त्यांनी स्टेपनीचे शंभर रुपये कमी केले.

दिवाळी झाल्यावर आम्ही भंडारदऱ्याला गेलो. पडघा, शहापूर, मग कसाऱ्याचा घाट. घाट चढताना मी तीन वेळा मागे पाहिले. दरीकडच्या कठड्यापाशी वळण घेताना एकच विचार येत होता : ते टेंगूळ इथे फुटले असते तर? मागून येणारा ट्रक, पुढे बसलेल्या वहिनी, आणि मी अंगणात वाकून, नख बुडवून दिलेला तो निकाल. 'नक्षी झिजलेली नाही' असे प्रशस्तिपत्र मीच दिले होते. मन राखण्यासाठी दिलेली साक्ष किती महागात पडू शकते, हे मला कोणत्याही ग्रंथाने इतके स्पष्ट शिकवले नव्हते.

घोटीला चहासाठी थांबलो. मी उतरेपर्यंत वहिनी मागे पोचल्या होत्या. वाकून त्यांनी आधी एका टायरला तळहात लावला, मग दुसऱ्याला. आजारी मुलाचे कपाळ पाहावे तसा. "कोमट आहेत," त्या म्हणाल्या. "ते पण असंच बघायचे. मला वाटायचं, उगाच."

प्रवरेवरचे विल्सन धरण १९२६ साली पुरे झाले. त्याच्या मागे पसरलेल्या तलावाच्या काठी संध्याकाळी आम्ही बिऱ्हाड उभे केले. चाकांना दगड लावले. झाकण उघडले, स्टोव्ह पेटला आणि दादाच्या ओट्यावर वहिनींनी पिठले टाकले. बऱ्याच वर्षांनी आम्ही त्याच्याविषयी मोकळेपणाने बोललो. त्याच्या वेल्डिंगविषयी, त्याच्या चुकलेल्या अंदाजांविषयी, चारशे किलोविषयी. हसलोही.

आता ते बिऱ्हाड पुन्हा आंब्याखाली आहे. पण ठोकळ्यांवर, आणि चाकांना जुन्या चादरींचे झबले शिवलेले आहे. मी पूर्वीप्रमाणेच सकाळची बस पकडतो. रांगेत बस थांबली की शेजारच्या ट्रकच्या कुशीवरचे चार आकडे वाचतो आणि मनात त्याचे वय काढतो. आणि पुण्याच्या स्नेह्यांनी विचारले की भिवंडीत पाहण्यासारखे काय, तर सांगतो : या एकदा. जुन्या आग्रा रोडला माझ्या ओळखीचे एक दुकान आहे. येताना गाडी घेऊन या, आणि कपडे मळले तरी चालतील असे घाला.